आधी खुबा, मग गोळा: घरच्या घरी केटलबेल शिकताना

नागपुरात मार्च सरला की घरोघरी एक व्यायाम सुरू होतो, त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. कूलरमध्ये पाणी भरणे. मोठा डेझर्ट कूलर मे महिन्यात दिवसाला चार-पाच बादल्या सहज पितो. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो, वर बादलीचं वजन वेगळं. ती एका हाताने उचलायची, एका अंगाला कलत खोली ओलांडायची आणि कूलरच्या तोंडापर्यंत चढवायची. पाइप लावता येतो हे मला माहीत आहे. आमच्या नळापासून तो पुरत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या बादलीला माझ्या कमरेत उसण भरली. बादली तिथेच, मी तिथेच, आणि पाणी सगळ्या हॉलभर. चार दिवस शेक घेऊन झाल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला जमिनीवरचा पेन उचलायला लावला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही कमरेतून वाकता. खुब्यातून वाकायला शिका."

हा सगळा लेख खरं तर त्या एका वाक्याबद्दल आहे. आपल्या भाषेतच घोळ आहे बघा. वाकायचं म्हटलं की आपण 'कमरेत वाक' म्हणतो. पण कंबर म्हणजे मणक्याचा खालचा भाग. वाकण्यासाठी जो दणकट सांधा दिलाय तो त्याच्या खाली, मांडी जिथे धडाला जोडली जाते तिथे आहे. तो खुबा. तिथून घडी घातली की वजन कुल्ल्यांवर आणि मांडीमागच्या जाड स्नायूंवर येतं, मणका सरळ राहतो. केटलबेल, म्हणजे वर हँडल असलेला लोखंडी गोळा, हे साधन ही एक गोष्ट जितकी चांगली शिकवतं, तितकं दुसरं कुठलं शिकवत असेल असं मला वाटत नाही. आणि ही गोष्ट न शिकता ते हातात घेतलं, तर तितकंच चांगलं लागतंही.

आमच्या घरी केटलबेल आधीपासून होतं. नवऱ्याने उत्साहात आणलेला १६ किलोचा गोळा गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असायचा.

हे साधन आलं कुठून

रशियात. तिकडे त्याला 'गिर्या' म्हणतात, आणि १७०४ सालच्या रशियन शब्दकोशात हा शब्द सापडतो. मूळचं ते धान्य तोलायचं माप. त्यांचं एक 'पूड' म्हणजे ४० रशियन पौंड, साधारण १६.४ किलो. (आपला जुना मणही ४० शेरांचा. तोलणाऱ्यांना ४० हा आकडा सगळीकडेच आवडत असावा.) केटलबेल आजही १६, २४, ३२ किलो अशा टप्प्यांत मिळतं, ते एक, दीड आणि दोन पुडांवरून. बाजारात माप उचलता उचलता लोक पैजा लावू लागले. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये हौशी व्यायामपटूंचं मंडळ काढलं आणि वजनांच्या व्यायामाला प्रतिष्ठा मिळाली. त्याची रीतसर स्पर्धाही असते. दहा मिनिटं, गोळा खाली न ठेवता. अमेरिकेत आणि तिथून बाकी जगात ते पसरलं २००० नंतर, मुख्यतः पावेल त्सात्सुलिन या प्रशिक्षकामुळे.

आपल्याकडे मुद्गल फिरवणाऱ्यांना हे तत्त्व नवं नाही. वजन मुठीपासून लांब ठेवा, मग हलकंही जड होतं. डंबेल पकडलं की वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. केटलबेलचा गोळा मुठीखाली लटकतो आणि सतत कुठेतरी ओढत असतो. भरलेली बादली, २० लिटरचा पाण्याचा जार, झोपलेलं मूल, कुणाचंही वजन मुठीत मावत नाही. म्हणून हा सराव घरात लगेच उपयोगी पडतो.

फायदे, आणि जाहिरातीत सांगतात ते

डेन्मार्कमध्ये २०११ साली एक अभ्यास झाला. ४० नोकरदार माणसं, बहुतेक बायका, सरासरी वय ४४. माझंच वय. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, २०-२० मिनिटं केटलबेल. मानेचं, खांद्याचं आणि कमरेचं दुखणं कमी झालं, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दमसास मात्र फारसा वाढला नाही. हे शेवटचं वाक्य लोक गाळतात.

२०१२ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तरुणांनी आठवड्यातून दोनदा, १२ मिनिटं, फक्त स्विंग केले, म्हणजे गोळा मांड्यांमधून मागे नेऊन पुढे झुलवला. सहा आठवड्यांत त्यांची पायांची ताकद आणि उंच उडी दोन्ही सुधारली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका तुलनेत मात्र बारबेलवाल्यांची ताकद केटलबेलवाल्यांपेक्षा जास्त वाढली. म्हणजे दंड फुगवायचे असतील किंवा १०० किलो उचलायचे असतील तर जिमची दांडी बरी. ज्यांना अंगात ताकद हवी, धाप कमी लागायला हवी आणि रोज तास-दीड तास काढणं शक्य नाही, त्यांच्यासाठी केटलबेल.

आता जाहिरातीतली ती 'मिनिटाला २० कॅलरी' जळण्याची गोष्ट. आकडा खोटा नाही. २०१० मध्ये अमेरिकेत मोजलेला आहे. पण मोजलेली माणसं होती दहा, सगळी आधीपासून केटलबेल करणारी, आणि ती करत होती स्नॅच. म्हणजे गोळा एका झपाट्यात डोक्यावर नेण्याचा सगळ्यात दमवणारा प्रकार. तुम्ही-आम्ही पहिल्या महिन्यात त्याच्या आसपासही जात नाही. २० मिनिटांत तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा जिरल्या असं समजून रविवारी तिसरी घेऊ नये. मी घेतली आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. अंबाझरी तलावावर फेऱ्या मारणारे पहिलं करतात, दुसरं हमखास सुटतं. केटलबेल त्या सुटलेल्या भागासाठी आहे. फेऱ्या बंद करू नका.

घेताना

नवख्या बाईने ८ किलो घ्यावं. घरची-शेतातली ओझी उचलायची सवय असेल तर १२. पुरुषांनी १२ किंवा १६. साठीपुढच्यांनी ४-६ किलोवर वाकायला-उठायला शिकावं आणि मग वाढवावं. फार जड घेण्याची चूक सगळे सांगतात. फार हलकं घेण्याची कुणी सांगत नाही. ४ किलोचा गोळा स्विंगला घेतला की तो हातानेच उचलला जातो, खुब्याला कामच पडत नाही, आणि महिनाभर तुम्ही खांद्याचा व्यायाम करून 'काही फरक पडला नाही' म्हणता.

दुकानात हे बघा: हँडलमध्ये दोन्ही हात शेजारी-शेजारी मावले पाहिजेत. बूड सपाट हवं, डुगडुगायला नको. मग खिशातला रुमाल हँडलच्या आतल्या बाजूने फिरवा. धागा अडकला तर ओतकामाची धार राहिलेली आहे, ती तळहात सोलून काढेल. बाकी गोळा चांगला असेल तर तेवढ्यासाठी सोडू नका. मी लोहाओळीतून एक बारीक कानस आणली, दहा मिनिटं घासलं, वर पॉलिश पेपर मारला, झालं. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेले गोळे स्वस्त पडतात, पण त्याच वजनाला आकाराने थोराड असतात आणि स्विंगमध्ये मांड्यांना घासतात. अखंड लोखंडी घ्या.

बूट नकोत. अनवाणी किंवा सपाट तळाचे कॅनव्हास. धावायच्या बुटांची मऊ टाच तुम्हाला पुढे ढकलते. खाली जाड रबरी मॅट हवीच. माझ्याकडे सुरुवातीला नव्हती. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं, "काहून वं, इतक्या सकाळी तिखट कुटून राहिली का?"

पहिली पायरी: गोळ्याशिवाय

भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभ्या राहा. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल. आता हात भरलेले असताना पाठीमागचं दार कुल्ल्याने ढकलतो, तसं भिंतीला कुल्ले टेकवा. गुडघे पुढे जायचे नाहीत. टेकलं की उभं व्हा. मग तीन बोटं पुढे सरका आणि पुन्हा. एक जागा अशी येते की टेकतं पण मांडीमागे ताण बसतो. तीच तुमची घडी.

ती बरोबर आहे का, हे झाडूची दांडी सांगते. दांडी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. वाकताना यातलं एक जरी सुटलं तर कंबर वाकली. मला तिन्ही टेकवून ठेवायला नऊ दिवस लागले. माकडहाड दर वेळी सुटायचं. आठवीतल्या मुलाने दांडी धरली आणि दर वेळी 'सुटली' म्हणून ओरडला, तेव्हा जमलं. आरशापेक्षा असं माणूस बरं.

रोज २० वेळा. एवढं जमेपर्यंत गोळ्याला हात लावायचा नाही.

दुसरी: डेडलिफ्ट आणि बैठक

गोळा दोन्ही घोट्यांच्या मधोमध. पुढे नाही. पुढे ठेवला की कंबर ताणली जाते. तीच घडी, हात खाली गेले की हँडल घट्ट धरा, काखा आवळा, जमीन पायाने खाली ढकलतोय असं उभं व्हा. वर आल्यावर मागे रेलू नका. ताठ उभं राहिलं की संपलं. पाच वेळा, मग विश्रांती, असे पाच सेट.

बैठकीसाठी गोळा छातीशी, हँडलच्या दोन्ही कडा धरून. याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. आखाड्यातल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, इथे टाचा जमिनीवर. कोपरं गुडघ्यांच्या आतून खाली जाऊ द्या. ज्यांच्या घरी अजून पाटावर जेवतात, त्यांना हे पहिल्या दिवशी जमतं. बाकीच्यांनी जमेल तितकंच खाली जावं. पाच-पाचचे तीन सेट.

तिसरी: स्विंग

इथे घाई नको. सगळा फायदा याच्यात आहे आणि बहुतेक दुखापतीही.

गोळा पायांच्या रेषेपासून एक फूट पुढे. घडी घालून दोन्ही हातांनी हँडल धरा आणि गोळा थोडा आपल्याकडे कलता करा. आता तो दोन्ही मांड्यांच्या मधून मागे भिरकवा. मनगटं मांडीच्या अगदी वरच्या भागाला लागली पाहिजेत. गुडघ्यांच्या उंचीवरून गेला तर गोळा तुम्हाला खाली ओढतोय. मनगटं मांडीला लागली की झटक्यात उभं व्हा, कुल्ले आवळा, मांड्या घट्ट. गोळा आपोआप वर तरंगतो. पोटापर्यंत आला तरी चालेल, छातीच्या वर न्यायचा नाही. वर असताना तोंडाने 'हुश्' असा श्वास सोडा. मग तो खाली पडू द्या आणि मनगटं मांडीला लागेपर्यंत वाट बघा. मगच घडी घाला. आधी घातली तर सगळं ओझं कमरेवर येतं.

झोपाळा आठवा. दोर कधी जोर लावतात का? हात म्हणजे दोर. जोर मागून.

खात्री करायची युक्ती: एक नॅपकिन हँडलमधून ओवा, दोन्ही टोकं धरा आणि त्यावर स्विंग करा. (गच्चीवर, समोर कुणी नसताना.) वर आल्यावर हात, नॅपकिन आणि गोळा एका रेषेत दिसला तर खुबा काम करतोय. गोळा नॅपकिनखाली लोंबत असेल तर तुम्ही खांद्याने उचलताय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तो वाळत घातलेल्या कपड्यासारखा लोंबला. म्हणजे तीन आठवडे मी जे काही करत होते ते स्विंग नव्हतं, आणि उजवा खांदा का ठणकतो त्याचं उत्तरही मिळालं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्विंगची बैठक करणे. गुडघे पुढे जातात, धड उभंच राहतं, गोळा नुसता खाली-वर होतो. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा. खालच्या टोकाला नडगी जवळजवळ उभी आणि कुल्ले मागे दिसायला हवेत.

चौथी: बादली

ही माझी आवडती, आणि सोपी. गोळा एका हातात, बादलीसारखा. ताठ उभं राहून घरातल्या घरात ३० पावलं. दुसरा हात मोकळा, पण अंग कलू द्यायचं नाही. कलू न देणं हाच व्यायाम. पोटाच्या बाजूचे स्नायू कसे कामाला लागतात ते दुसऱ्या दिवशी शिंकताना कळतं. मग हात बदला. गोळा ठेवतानाही तीच घडी, तिरकं होऊन टेकवायचा नाही. माझी उसण भरली ती उचलताना नाही, वळत वळत ठेवताना.

क्लीन (गोळा एका झटक्यात खांद्याशी आणणं) आणि स्नॅच माणसाकडून शिका, व्हिडिओवरून नको. चुकलं की गोळा मनगटाच्या मागे आपटतो आणि निळं-जांभळं होतं. तुर्की गेट-अप शिकायचा असेल तर गोळ्याऐवजी मुठीवर चप्पल ठेवून सुरू करा. झोपलेल्या स्थितीतून उभं राहीपर्यंत चप्पल पडली नाही, की पुढचं बघू.

आठवडे कसे लावायचे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे फक्त घडी, डेडलिफ्ट, बैठक आणि बादली. तिसऱ्या आठवड्यात स्विंग. घड्याळ समोर ठेवा, मिनिट सुरू झालं की दहा स्विंग, उरलेलं मिनिट विश्रांती. अशी पाच मिनिटं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत दहापर्यंत जा. म्हणजे १०० स्विंग. विश्रांतीत एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचं मिनिट सोडून द्या. दहातले शेवटचे दोन वेडेवाकडे होत असतील तर आठच करा. सगळं धरून २० ते २५ मिनिटं होतात.

तळहातावर घट्टे येतील. ते वाढू देऊ नका, वाढलेला घट्टा एखाद्या दिवशी उलटून फाटतो. आंघोळीत पाय घासायची वज्री तिथेही फिरवा, रात्री खोबरेल तेल. हँडल मुठीत गच्च आवळण्यापेक्षा बोटांच्या आकड्यात धरलं तर घट्टे कमी येतात.

उन्हाळ्यात वेळ एकच, पहाटे साडेपाच. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी गच्चीवर राहिलेलं लोखंड हातात धरवत नाही, आणि संध्याकाळी सातलाही गच्ची भाजत असते. कूलरसमोर करायचं असेल तर लक्षात ठेवा, त्या दमट हवेत हँडल निसरडं होतं. खिडकी उघडी ठेवा, दर सेटनंतर नॅपकिनने हात आणि हँडल दोन्ही पुसा. सुटलेला गोळा टीव्हीपर्यंत जातो. नंतर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. जुलैत गंज चढतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवून कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी. हर्निया असलेल्यांनी. कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या जातात त्यांनी, हाडं ठिसूळ झालेल्यांनी, गरोदर बायकांनी, आणि सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी करू नका, काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती एकदम खाली येऊ शकते. जोर लावताना श्वास कोंडून ठेवू नये, हे सगळ्यांनाच. स्नायू दुखणं दोन दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचलं किंवा कमरेत चमक आली तर तिथेच थांबा, सेट पुरा करायचा हट्ट नको.

वजन कधी वाढवायचं

८ वरून १२ म्हणजे एका उडीत दीडपट. म्हणून आधी मिनिटं वाढवा, मग वजन. दहा मिनिटांचे १०० स्विंग सलग तीन दिवस नीट झाले, शेवटच्या मिनिटानंतरही बोलता आलं आणि नॅपकिन रेषेत राहिला, तर पुढचा गोळा घ्या. त्याच्यावर पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात. जुना विकू नका. वर उचलायच्या व्यायामांना तो लागतोच, नाहीतर घरात कुणी ना कुणी शिकणारं निघतं. आमच्याकडे ८ चा आता सासूबाई डेडलिफ्टला वापरतात, पदर खोचून, दिवसाआड दहा वेळा.

मला ८ वरून १२ ला यायला चार महिने लागले आणि १६ ला यायला पुढचे सात. गच्चीच्या दाराला आता वीट लावली आहे.